हातचा न लागणारी संख्या

नऊ एक ओळीने लिहावेत: १११११११११. या संख्येला तिनेच गुणावे. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, नवापर्यंत चढण, तिथून एकापर्यंत उतरण. एक कोटीला एक कोटीने गुणून जे येईल त्याच्या सुमारे १२३ पट मोठी ही संख्या उलटसुलट कशीही वाचली तरी तीच राहते.

या कुळातल्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हणतात. हे नाव एका रेल्वे स्टेशनाचे आहे. मुंबईपासून तीस मैलांवर, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेम्लो स्टेशनात दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांचा विचार सुचला. हे डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगतात. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक होते. पदवी बी. एस्सी.ची, पण नजर संशोधकाची. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्याविषयी लिहिले, आणि मग जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. ते फार आधी जायला हवे होते.

आता ही चढ-उतरण येते कुठून? चमत्कार म्हणून ती सोडून दिली तर तिच्यातली खरी गंमतच हुकते. गुणाकार शाळेतल्या पद्धतीने मांडावा. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घराखाली एकच एक येतो, दुसऱ्याखाली दोन, असे करत मधल्या घराखाली नऊ. पुढे पुन्हा एकेक कमी. कुठलीच बेरीज नवापुढे जात नाही. हातचा लागतच नाही! म्हणून प्रत्येक घरात किती एक साठले, तोच आकडा जसाच्या तसा खाली उतरतो.

दहा एक घेतले की मधल्या घरात दहा साठतात. शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो, तिथल्या नवाचे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याने पुढच्या आठाचा नऊ होतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा आठ नाहीसा झाला.

पहिल्या संख्येत आणखीही पुष्कळ आहे. मधला नऊ बाजूला ठेवून दोन्ही बाजू मिळवाव्यात: १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळून ९९९९९९९९. सगळ्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने या संख्येला निःशेष भागही जातो. १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. त्यामुळे तिच्या वर्गाला ४५ विभाजक आहेत.

या चढणीची उंची आपण दहाच्या पटीत मोजतो यावर ठरते. संगणकवाले वापरतात त्या सोळाच्या पद्धतीत पंधरा एकांपर्यंत हातचा येत नाही. दोनाच्या पद्धतीत मात्र ११ ला ११ ने गुणताच १००१ येतात; तिथे दुसऱ्याच घरात हातचा लागतो.