दारू सोडणाऱ्याला सोबत हवी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



या बैठकीत कापसाचा भाव, कर्ज, वीज यावर नेहमी बोलणं होतं. आज आम्ही दारूवर बोलणार आहोत. हा विषय निघाला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पिणाऱ्याला चार शिव्या द्यायच्या, नाही तर सगळ्या गावाला हात वर करून शपथ घ्यायला लावायची. आम्ही दोन्ही करणार नाही. दारू सोडावी असं ज्याच्या मनात आलं, त्यानं उद्या सकाळी कुठं जायचं, तेवढं सांगणार आहोत.

आधी हिशेब. मालाला भाव नाही म्हणून शेतकरी पितो, असं आपलेच कार्यकर्ते म्हणतात. भाव नाही हे खरं. पण पिणाऱ्याच्या हाती आहे तो भावसुद्धा येत नाही. घरात कापूस ठेवून आठ दिवस थांबायची ताकद त्याच्यात उरत नाही. संध्याकाळच्या पैशासाठी तो दारात आलेल्या व्यापाऱ्याला मागेल त्या भावात कापूस मोजून देतो. घरच्या बाईची वेचणीची मजुरीही त्याच वाटेनं जाते. आणि एकदा आजार जडला की भाव चांगला मिळाला तरी दारू सुटत नाही. गुलाबी अळी बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, ती मरत नाही, तसंच हे.

मग बंदी करा, असं कुणी म्हणेल. बायांनी लढून १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी आणली. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. बंदीचा लढा आपल्या जागी योग्य आहे. पण बंदीनं दुकान बंद होतं. ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्याच्याजवळ बसायला माणूस बंदी देत नाही. नुसती शपथ म्हणजे धूळपेरणी. वरून पाऊस आला तर उगवेल, नाही तर बियाणं गेलं. सोडणाऱ्याला दर आठवड्याचा पाऊस लागतो, आणि तो पाऊस म्हणजे त्याच्यासारख्याच माणसांची सोबत.

ही गोष्ट नवी नाही. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर भेटले. दोघंही दारूनं पार बुडालेले. एकमेकांशी बोलत राहिलं तर आजचा दिवस न पिता जातो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए. ए., ही संघटना उभी राहिली. २०२० साली २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं एकत्र तपासली गेली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत हा मार्ग दुसऱ्या नावाजलेल्या उपचारांच्या बरोबरीचा किंवा सरस ठरला.

तिथं चालतं काय? तास-दीड तास माणसं बसतात. प्रत्येक जण स्वतःचं सांगतो. कुणी उपदेश करत नाही. फी नाही, आडनाव नाही, जात-पक्ष कुणी विचारत नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. तिथलं बोलणं तिथंच राहतं. देवाचं नाव निघतं, पण ज्याला जसा मानायचा तसा त्यानं मानावा. पुन्हा प्यायला तर दंड नाही, दार उघडंच असतं. घरच्यांसाठी अल्-अॅनॉन नावाचे वेगळे गट आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. तिथंही पिणाऱ्यांच्या बायकांचा 'सहचरी' गट चालतो. माणूस प्यायचा थांबो न थांबो, बाईनं आपल्यासाठी जायला हरकत नाही.

आता वाट सांगतो. सकाळपासून पिणाऱ्यानं एकाएकी, एकट्यानं सोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसं दिसू लागतात. हे अंगात येणं नव्हे. वेळेवर उपचार झाला नाही तर माणूस दगावतो. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार डॉक्टरांना भेटा. चहातून, भाजीतून गुपचूप द्यायची पुडी कुणाकडून आणू नका. त्यात डायसल्फिराम असू शकतं. वरून दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो, जीवही जातो. ते औषध माणसाला सांगून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

त्याच डॉक्टरांना विचारा, जवळचा ए. ए. गट कुठं आणि कोणत्या वारी बसतो. व्यसनमुक्ती केंद्रातही माहिती मिळते. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. जागा आणि वार बदलतात, तेव्हा आधी खात्री करा आणि मगच एस.टी. धरा.

आणि जवळ गटच नसेल तर? सुरुवातीला दोघंच होते, हे विसरू नका. सोडू पाहणारी दोन माणसं मिळाली की गट सुरू होतो. शहरातल्या गटाला निरोप द्या, जुनी माणसं येऊन घडी बसवून देतात. बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी, तालुक्याला ठेवा. बाजाराला गेलेल्याला कशाला गेला होतास, असं कुणी विचारत नाही. वेळ अशी धरा की शेवटची गाडी सापडेल. बाजारातून परतायच्या वाटेवरच गुत्ता असतो. त्या वेळेला सोबत सर्वांत जास्त लागते.

कार्यकर्त्यांना एकच सांगणं. हा गट आपल्या संघटनेचा नाही. तिथं आपला बिल्ला नको, फलक नको, हार-तुरे नकोत, आणि किती जणांची सुटली याची यादी तर मुळीच नको. नाव फुटलं की माणूस दुसऱ्यांदा येत नाही. आपण शाळेची एक खोली मिळवून द्यायची, सतरंजी टाकायची आणि बाहेर निघून यायचं. गावातल्या एखाद्याला गाडीवर बसवून तिथवर पोचवायचं आणि त्याबद्दल तोंड मिटून राहायचं.

आता ठराव, घोषणा काही नको. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी एक खोली, एक वार आणि निरोप पोचवणारी दोन भरवशाची माणसं, एवढं ठरवूनच इथून उठावं.