पानथरी, काचपट्टी आणि 'सवय'

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, आणि रोज शेकडो काचपट्ट्या डोळ्यांखालून घालणाऱ्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनो,

लोअर परळमध्ये, माझ्या दवाखान्यापासून चालत येण्याच्या अंतरावर ही परिषद भरते आहे, म्हणून विषयही इथलाच घेतला आहे. बांधकामावरच्या मजुरांविषयी आपण एक वाक्य सहज बोलून जातो, 'यांना मलेरियाची सवय असते.' त्या वाक्याबद्दल मला बोलायचं आहे.

ते मीही बोललो आहे. 2010 च्या पावसाळ्यात मुंबईत मलेरियाची मोठी साथ होती. गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहत होता आणि तिथला झारखंडचा एक तरुण बिगारी माझ्याकडे आला. थकवा होता, चेहरा पांढुरका पडला होता, ताप मात्र नव्हता. मी लोहाच्या गोळ्या देऊन त्याला पाठवलं. आठवडाभराने त्याच्याच खोलीतले दोघे हुडहुडी भरून आले, तेव्हा सगळ्यांचं रक्त तपासलं. त्या मुलाच्या काचपट्टीवर मलेरियाच्या फाल्सिपेरम परजीवीच्या चंद्रकोरी होत्या. डास माणसाकडून उचलतो ते जंतूचं रूप नेमकं हेच. ताप नाही म्हणजे मलेरिया नाही, असं मी धरून चाललो होतो.

ही 'सवय' कशी लागते ते पाहा. मलेरियाच्या मुलखात जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने आईकडून आलेली प्रतिपिंडं सांभाळतात. ती ओसरली की ताप सुरू होतात, एकामागून एक. त्यांतून जे मूल वाचतं, त्याला जिवावरच्या आजारापासून संरक्षण तुलनेनं लवकर मिळतं. तापच येऊ नये इतकी ताकद यायला वर्षं जातात. आणि रक्तात एकही परजीवी राहू नये, अशी अवस्था जवळजवळ कुणालाच लाभत नाही. फाल्सिपेरमकडे, तो ज्यात शिरतो त्या लालपेशीचा बाहेरचा मुखवटा बदलायला साठेक जनुकं असतात. एका मुखवट्याची ओळख पटेपर्यंत तो दुसरा चढवतो. म्हणून प्रत्येक ओळखीसाठी शरीराला नवा ताप सोसावा लागतो. गोवर एकदा झाला की सुटका होते, तसं इथे नाही.

हे संरक्षणाचं काम रक्तातल्या प्रतिपिंडांचं आहे, हे 1961 मध्ये सिद्ध झालं. गॅम्बियातल्या प्रौढांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन कोहेन, मॅक्ग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी तिथल्या आजारी मुलांना टोचलं. काही दिवसांत मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं घटले. मात्र चंद्रकोरींवर त्याचा परिणाम दिसला नाही. माझ्या त्या रुग्णाची गोष्ट या निरीक्षणात आधीच लिहून ठेवलेली होती, मी ती वाचली नव्हती.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकात या सोसण्याचं माप हातानं घेत. 1840 च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांकाठी डेम्पस्टर यांनी गावोगावच्या लोकांच्या पोटावर हात ठेवून वाढलेली पानथरी मोजली आणि त्यावरून गावात हिवताप किती मुरला आहे ते ठरवलं. पुढे हीच मोजणी प्रामुख्यानं मुलांवर होऊ लागली, कारण मुलाची पानथरी वाढलेली आणि बापाची नेहमीसारखी, हेच मुरलेल्या हिवतापाचं लक्षण. त्या बापाच्या धडधाकटपणाची किंमत किती भावंडांनी मोजली असेल, हा आकडा कुठल्याच तक्त्यात येत नाही. 'सवय' हा शब्द मला म्हणूनच सहन होत नाही.

मुंबईचं तसं नाही. 1911 मध्ये बेंटली यांनी सरकारला अहवाल दिला, त्यात इथला डास अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी असल्याचं आणि तो विहिरींत वाढत असल्याचं दाखवलं. विहिरी बुजवायच्या म्हटल्यावर धार्मिक भावना आड आल्या, वाद झाले, पण पुष्कळ विहिरी बुजल्या, झाकल्या गेल्या. स्टिफेन्सीला आता गच्चीवरची उघडी टाकी, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी, बांधकामावरचं पिंप पुरतं. इथे चावे इतके विरळ की कुणाच्याच अंगी पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही, त्यामुळे चाळीतला तिशीचा मुलगा आणि बाविसाव्या मजल्यावरचा मॅनेजर सारखेच फणफणतात. यात खंत मानू नये. आपल्या मुलांच्या अंगी ही प्रतिपिंडं नाहीत, हे शहराच्या आरोग्याचं चांगलं लक्षण आहे. त्यांचं रक्षण टाकीच्या घट्ट झाकणानं व्हावं, रक्तानं नव्हे.

ज्यांच्या गावात झाकणानं भागत नाही, त्यांच्यासाठी लस आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर 2023 मध्ये शिफारस केलेली आर-21 लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि आफ्रिकेतल्या बाळांना दिली जाते. डासानं सोडलेला जंतू यकृतात शिरण्याआधीच अडवायला ती शरीराला शिकवते. निसर्गाचा धडा मुलाला आजारी पाडून मिळतो, हा तसा नाही. ही लस आपल्या शेजारी तयार होते, याचा मला फार आनंद आहे.

त्या बिगाऱ्याचं पुढचं सांगायला हवं. उपचारानं तो बरा झाला, मुंबईतच राहिला, मिस्त्री झाला. बरीच वर्षं गावी गेला नाही. मग बहिणीच्या लग्नाला गेला आणि दहाव्या-बाराव्या दिवशी इतका आजारी पडला की जिल्ह्याच्या गावी न्यावं लागलं. जन्मभर तिथेच राहिलेल्या त्याच्या थोरल्या भावाला साधी कणकणही नव्हती. परत आल्यावर तो मला विचारत होता, 'डॉक्टरसाहेब, रक्त तर दोघांचं एकच ना?' नव्या चाव्यांची उजळणी थांबली की प्रतिपिंडं ओसरतात, हे मी त्याला समजावलं. हे त्याला निघण्याआधी सांगायला हवं होतं, तेव्हा मात्र मला सुचलं नव्हतं.

म्हणून आपल्या केसपेपरवर तीन प्रश्न वाढवावेत, अशी माझी सूचना आहे. गाव कोणतं, मुंबईत केव्हा आलात, आणि मधे गावी केव्हा जाऊन आलात. नुकता आलेला मजूर अशक्त दिसत असेल तर ताप नसला तरी काचपट्टी काढावी, आणि ती त्याच्या उपचारासाठी काढावी, त्याला कामावरून हाकलण्यासाठी नव्हे. पुष्कळ वर्षांनी गावी निघालेल्याला मच्छरदाणी घ्यायला सांगावं, आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायला सांगावं. दिवाळी आणि छठच्या गाड्या सुटण्याआधी हे तीन प्रश्न आपल्या सगळ्यांच्या दवाखान्यांत सुरू व्हावेत. त्यांचा मसुदा मी आज सोबत आणला आहे.