टेस्ट बेंचशेजारचं स्टूल

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले बरेचजण आज नाहूर स्टेशनवर उतरून इथे आला असाल. ज्या लोकलने आलात ती सेमीकंडक्टरवर चालते. वरच्या तारेतला 25,000 व्होल्टचा एसी पुरवठा ट्रान्सफॉर्मरने उतरवायचा, त्याचा डीसी करायचा आणि इन्व्हर्टरमधून थ्री-फेज करून मोटरला द्यायचा. ब्रेक लागला की तीच मोटर जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते. मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या मुख्य मार्गावरचा जुना 1,500 व्होल्टचा डीसी 2015 साली पुरता गेला, म्हणजे तुमच्या शाळेच्या वयात.

सेमीकंडक्टर म्हटलं की तुम्ही तैवानचं नाव घेता, फार तर बंगळूरचं. जरा आपल्या आजूबाजूला बघा. भांडुपला लेक रोडवर हिंद रेक्टिफायर्स आहे. 1958 साली ब्रिटनच्या वेस्टिंगहाउस ब्रेक अँड सिग्नल कंपनीच्या सहकार्याने ती सुरू झाली. रेक्टिफायर आणि रेल्वेची पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हा तिचा धंदा. कांजूरमार्गला ज्या क्रॉम्प्टन ग्रीव्हजच्या कारखान्यात आपल्या भागातल्या कितीतरी घरांनी नोकरी केली, तीच कंपनी आज सीजी पॉवर म्हणून गुजरातेत साणंदला चिप पॅकेजिंगमध्ये उतरली आहे. केंद्राची मंजुरी फेब्रुवारी 2024 मध्ये मिळाली. आणि पवईच्या आयआयटीत 2006 पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे. तिथल्या यंत्रांवर बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांनाही काम करता यावं, अशी योजना 2008 पासून राबवली गेली. हे सगळं इथून रिक्षाच्या अंतरावर, साणंद तेवढं सोडून.

माझी स्वतःची उन्हाळी इंटर्नशिप पॉवर डिव्हाइसच्या एका कारखान्यात झाली. काम दिलं होतं थायरिस्टर हीटसिंकवर बसवण्याचं. आमच्या पुस्तकात त्यावर जेमतेम एक ओळ होती. थायरिस्टरची चकती जाड बिस्किटाएवढी, आत सिलिकॉनचं वेफर. सिलिकॉन तापल्यावर तांब्याच्या मानाने फारच कमी प्रसरण पावतं. थेट तांब्याला जोडलं तर तापण्या-निवण्यात तडकेल, म्हणून त्याला मॉलिब्डेनमच्या चकतीचा आधार देतात. क्लॅम्पचा दाब कमी पडला तर उष्णता बाहेर जात नाही, जास्त झाला तर वेफरला चीर जाते. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे, नाहीतर दाब एका अंगाला बसतो. मग तापवून लीकेज करंट मोजायचा. थंड असताना दोष लपून राहतो, 125 अंशांना उघडा पडतो. टेस्टिंगचे काका मीटरवरचा आकडा दोनदा वाचायला लावत आणि मगच वहीत लिहू देत. खाली सही त्यांची आणि माझी, दोघांची. विद्यार्थिनीच्या आकड्याला तिथे किंमत होती. इंजिनिअरिंग मला खरं त्या उन्हाळ्यात कळलं.

म्हणून मला वाईट वाटतं, जेव्हा मुलं पैसे भरून, घरबसल्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मिळवतात. हा बाजार बंद झाला पाहिजे, असं मी स्पष्ट म्हणते. पण दोष केवळ मुलांचा नाही. ती दारोदार ईमेल पाठवतात, उत्तर येत नाही. कारखान्यांची सबबही ऐकून घ्या: क्लीनरूममध्ये नवख्याला मोकळं सोडता येत नाही. वेफरवरचा ऑक्साइड काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते कातडीतून आत शिरून हाडातल्या कॅल्शियमपर्यंत जातं. तिथे अनुभवी माणसानेही एकट्याने काम करायचं नसतं. हे खरंच आहे. पण टेस्टिंग, पॅकेजिंग, मोजमाप, बिघडलेला माल उघडून कारण शोधणं, इथे तिसऱ्या वर्षाचं पोर शिकूही शकतं आणि उपयोगीही पडतं. त्याला जागा न देण्याचं मला तरी काही कारण दिसत नाही.

आणि अशी माणसं तयार करणं एवढं महत्त्वाचं का? मोहालीच्या सरकारी चिप कारखान्याला 1989 साली आग लागली आणि तिथलं उत्पादन कित्येक वर्षं ठप्प झालं. यंत्रं पैसे टाकून पुन्हा आणता येतात. दाब हाताला कळणारी, आकडा दोनदा वाचणारी माणसं मात्र एकेका उन्हाळ्याने तयार होतात, आणि साणंद, धोलेऱ्याच्या नव्या चिप कारखान्यांना आता अशीच माणसं लागणार आहेत.

तुमच्यातले काहीजण लवकरच अशा एखाद्या लाइनवर रुजू व्हाल. नवीन आहात म्हणून गप्प बसू नका. पुढच्या मे महिन्यात साहेबांकडे जा आणि तुमच्या टेस्ट बेंचशेजारी या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीसाठी किंवा मुलासाठी एक स्टूल मागून घ्या. खरं काम द्या, आणि वहीतल्या आकड्याखाली त्यांच्या सहीशेजारी तुमचीही सही करा.