दुखणी दोन, इलाजही दोन
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाचं, कर्जाचं बोलणं सकाळपासून झालं. आता घरात खाटेवर पडलेल्या माणसाबद्दल बोलतो.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या दुखण्यानं कितीतरी घरं गांजली आहेत. कुणाला साखर आहे, कुणाला लकवा, कुणाला सिकलसेल. दुखणं वर्षानुवर्षं जात नाही. मग झोप उडते, भूक मरते, माणूस बोलेनासा होतो. 'माझ्यापायी घर बुडालं, मी नसलेलाच बरा,' असं मनात येतं. घरचे म्हणतात, एवढं दुखणं आहे, उदास होणारच. इथंच गफलत होते. 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या 18.4 टक्क्यांचं कारण आजारपण असं सरकारी दप्तरात लिहिलेलं आहे.

पराटीवर बोंडअळी पडते आणि वर लाल्याही येतो. अळीची फवारणी कितीही करा, लाल्या हटत नाही. तशी ही उदासी म्हणजे दुसरा आजार आहे. तो भित्रेपणा नाही, त्याला वेगळा इलाज लागतो.

तो इलाज आपल्याच भागात करून पाहिला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम 18 महिने चालला. शिकवून तयार केलेली साधी माणसं गावात लोकांशी बोलली, त्यांनी धीर दिला, गरज पडली तिथं डॉक्टर गाठून दिला. आधी अशा शंभर आजाऱ्यांतले चारच मदतीपर्यंत पोचत होते, नंतर सत्तावीस पोचले. हे आकडे 2017 साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या डॉक्टरांच्या मासिकात छापून आले.

तेव्हा चार गोष्टी करा.

एक, सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं डोक्यात खूळ शिरत नाही, उलट मन मोकळं होतं.

दोन, हो म्हणाला तर एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात घाला आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या.

तीन, आशाताईला सांगा. टेलिमानसचा 14416 हा फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा. किडनीच्या, साखरेच्या चालू गोळ्या सोबत न्या, म्हणजे सोसेल असं औषध देता येईल.

चार, गोळीचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. ज्वारी पेरली की दुसऱ्या दिवशी कणीस येत नाही.

आणि जो वाचला, त्याला पोलिसांचा धाक घालू नका. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की तो मोठ्या ताणाखाली होता असं धरावं, आणि त्याला इलाज देणं सरकारचं कर्तव्य आहे.

या मंडपात कुणी हाच विचार मनात दाबून बसला असेल, तर त्यानं घरी जायच्या आत शेजारी बसलेल्याला एवढंच सांगावं, 'दादा, मला मदत पाहिजे.' आणि ज्याला सांगितलं, त्यानं त्याचा हात सोडू नये.