अस्लम बाहेर बसला तर रेडला कोण?

संभाजीनगरहून बोलतोय. प्रो कबड्डीचा नवा सीझन जवळ आला, की पुणेरी पलटणच्या यादीत मी आधी रेडर मोजतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक सर्व्हर बसला आणि सगळंच बंद पडलं, तर दोष सर्व्हरला नाही, डिझाइनला देतात. पलटणचं तेच झालं. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून चॅम्पियन. पुढच्याच सीझनमध्ये कॅप्टन अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्याचा पोरगा, गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि टीम प्लेऑफलाही पोचली नाही. पंकज मोहिते, आकाश शिंदे होते की! पण सलग दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. तीस सेकंदांत पॉइंट आणा, नाहीतर बाहेर व्हा. ती रेड हक्काने मागणारा माणूस यादीत नाव असून मिळत नाही.

२०२५ ला अस्लम परतला, जोडीला आदित्य शिंदे चमकला. पलटण फायनलला पोचली, तिथे दिल्लीकडून ३१-२८ हार.

माझं मत? तिसऱ्या रेडरला पहिल्या दहा मॅचमध्येच 'डू ऑर डाय'ला पाठवा, चार पॉइंट गेले तर जाऊ द्या. तुम्ही कोणाला पाठवाल? व्हॉइस नोट टाका.