दिवा जळतो, तरी धोका असतो

मंडळी, जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपण कंदील दोराला बांधून खाली सोडतो. दिवा विझला, तर खाली प्राणवायू कमी आहे असं समजतो. विहिरीपुरती ही रीत चांगली.

पण ती कारखान्यात नेऊ नका. आपल्या वर्ध्याजवळ भूगावला लोखंडाचा कारखाना आहे. खेड्यांतली पोरं अशा कामावर जातात. लोखंडाच्या झोतभट्टीतून जो वायू निघतो, त्यात पाचवा हिस्सा, कधी जास्तही, कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तिथं दिवा नेला तर वायूच पेट घेईल!

हा वायू रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, पाय लटपटतात. तेव्हा पळायचं म्हटलं तरी पळवत नाही.

इंग्लंडात खाणीत पिंजऱ्यातला पक्षी नेत. माणसाआधी तो पडे. १९८६ साली तिथं पक्ष्यांऐवजी यंत्रं आणायचं ठरलं. बिचारे सुटले! आता मुठीत मावेल एवढं यंत्र मिळतं. आठ तासांच्या पाळीला हवेच्या १० लाख भागांत ५० भाग, ही २०२५ पर्यंत आपल्या कारखाना कायद्यातली मर्यादा होती. यंत्र गळ्याजवळ लावा, खिशात नको. ते वाजलं की हातातलं काम टाका, बाहेर या.

आणि सोबती आत पडला तर? जीव तुटतो, खरं आहे. तरी धावत आत शिरू नका. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही. ओरडून माणसं बोलवा. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा असलेल्यानंच आत जावं.