सेल्फ लागत नाही तेव्हा

ट्रॅक्टर, जीप, टेंपो किंवा निदान एखादी मोटारसायकल आज बहुतेक वाड्यावस्त्यांवर दिसते. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी आपला माणूस कान टवकारतो. पण त्याच वाहनात एका कोपऱ्यात बसलेल्या बॅटरीकडे आपण कधी पाहतो? गाडी सुरू झाली नाही म्हणजे! आज ह्या बॅटरीविषयी आणि तिला जोडलेल्या तारांविषयी थोडे बोलायचे आहे. मी मेस्त्री नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण एका रात्रीने मला हा विषय शिकायला लावला.

पावसाळ्याचे दिवस होते. मी सुटीत गावी गेलो होतो. रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या घरातून हाक आली. सात-आठ वर्षांच्या पोराला साप चावला होता. तालुक्याचे रुग्णालय 18 किलोमीटरवर. थोरल्या भावाची जीप दारात उभी. मी किल्ली फिरवली. "टक्" असा एक आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा "टक्". कंदील आले, माणसे आली. कोणी म्हणाले, "बॅटरी गेली, दादा." शेवटी दहा-बारा जणांनी चिखलातून जीप उतारापर्यंत ढकलत नेली आणि धक्क्यावर ती सुरू झाली. पोरगा वाचला, ही देवाची कृपा आणि डॉक्टरांचे यश. पण अर्धा तास हातचा गेला तो गेलाच. सर्पदंशाला अर्धा तास म्हणजे किती, हे मी तुम्हांला सांगायला नको.

आता मौज पाहा. त्या बॅटरीला जेमतेम दीड वर्ष झाले होते. आधीची अशीच "गेली" म्हणून भावाने ती भंगारात देऊन ही नवी घेतली होती. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून एक म्हातारे मेस्त्री आले. त्यांनी मीटर लावला, मला किल्ली फिरवायला सांगितली आणि म्हणाले, "मास्तर, बॅटरी ठणठणीत आहे. हिच्या वाटेत दगड पडलाय." दोष होता तो इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या तारेच्या वेणीत. तिचे टोक गंजून हिरवे झाले होते. म्हणजे आधीची बॅटरीही बहुधा चांगलीच होती. नवी बसवताना हलवाहलवीत ते टोक जरा नीट टेकले, काही महिने काम निभावले आणि पावसाने पुन्हा घात केला.

आणि मला टोचणी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या रात्री जीपचे पुढचे दिवे लख्ख होते. किल्ली फिरवल्यावरही ते मंदावले नव्हते. दोष कोठे आहे ते गाडी स्वतःच सांगत होती. ऐकायला आम्हांला येत नव्हते.

हे ऐकायचे कसे, ते आता पाहू.

आधी बॅटरीच्या पोटात काय असते ते पाहू. फ्रान्समध्ये गास्तों प्लांटे नावाच्या शास्त्रज्ञाने 1859 साली शिशाच्या पत्र्यांची बॅटरी तयार केली. आजही बहुतेक गाड्यांत त्याच जातीची बॅटरी असते. तिच्यात सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या प्लेटा असतात आणि त्या पाणी मिसळलेल्या गंधकाच्या तेजाबात, म्हणजे सल्फ्युरिक अॅसिडमध्ये, बुडालेल्या असतात. एक कप्पा सुमारे 2.1 व्होल्ट दाब देतो. सहा कप्प्यांचा मिळून 12.6 व्होल्ट. बॅटरीतून वीज खर्च होऊ लागली, की अॅसिडमधला गंधकाचा अंश प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे राहणारे अॅसिड पातळ होते. उलट वीज भरली, की तो अंश पुन्हा अॅसिडमध्ये येतो. जमाखर्चाची वहीच म्हणा ना! आणि उतरलेली बॅटरी तशीच महिना-दोन महिने पडून राहिली, तर प्लेटांवरचा तो थर कडक होतो. मग कितीही वीज भरा, ती पहिल्यासारखी होत नाही. सुगी संपली की ट्रॅक्टर झाकून ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. पंधरवड्यातून एकदा ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास चालवावा, नाहीतर बॅटरी सोडवून भरून ठेवावी आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरावी.

आता तपासणी. शे-दोनशे रुपयांपासून साधा मीटर मिळतो. गाडी रात्रभर उभी असावी. सकाळी काही सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास काटा किंवा आकडा आला, तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 आला, तर निम्मी उतरली. 12 च्या खाली गेला, तर जवळजवळ रिकामी. हे झाले पहिले माप.

दुसरे माप सेल्फ मारताना घ्यायचे. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मीटर पाहावा. इंजिन फिरताना बॅटरीचा दाब उतरतोच, पण तो साधारण 9.6 व्होल्टच्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीही एकदम सात-आठवर कोसळली, तर बॅटरी दुबळी झाली आहे किंवा सेल्फची मोटर अडकून फार वीज खेचते आहे. पण दाब बारापाशीच टिकून आहे आणि तरी सेल्फ फिरत नाही, तर बॅटरी निर्दोष समजा. अडथळा वाटेत आहे, नाहीतर सेल्फमध्ये आहे.

तिसरे माप इंजिन सुरू झाल्यावर. आता बॅटरीला वीज देणारा आल्टरनेटर फिरत असतो. आपल्याकडे त्याला अजून डायनॅमोच म्हणतात. ह्या वेळी साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन जरा चढवूनही तेराच्या वर आकडा गेला नाही, तर बॅटरी भरतच नाही. आधी पट्टा सैल आहे का पाहा. पंधराच्या वर गेला, तर वीज जास्त भरली जाते. अॅसिड उकळते, पाणी उडते आणि बॅटरी लवकर मरते.

मीटर नसेल तर? मग दिवे लावा आणि सेल्फ मारा. दिवे विझत आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवरचे सांधे सैल आहेत. दिवे लख्खच राहिले आणि नुसते "टक्" झाले, तर सेल्फकडे जाणारी जाड तार, तिचे सांधे, इंजिनाचे अर्थिंग आणि खुद्द सेल्फ तपासा. आमच्या जीपची हीच खूण होती.

शिक्षक मित्रांनो, इथे ओहमचा नियम किती कामाचा आहे पाहा. मोठे इंजिन फिरवताना सेल्फ सहज 200 अँपियर प्रवाह ओढतो. एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध ओहमचा फक्त शंभरावा भाग आहे असे धरा. 200 गुणिले 0.01 म्हणजे 2 व्होल्ट. बारातले दोन व्होल्ट त्या एका सांध्यातच गेले! उलट दिव्याला चार-पाच अँपियर लागतात. त्याच सांध्यातून तो जळत असता तरी एका व्होल्टचा विसावा भागच कमी झाला असता. म्हणून दिवा फसवतो. मेस्त्रींनी हेच मोजले होते. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनाच्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. पाव व्होल्टपर्यंत आकडा ठीक. आमच्या जीपमध्ये तो दोनच्या पुढे गेला. वर्गात हा प्रयोग टॉर्चचे दोन सेल आणि छोटा बल्ब घेऊन करावा. वाटेत एकदा स्वच्छ खिळा आणि एकदा गंजलेला खिळा जोडावा. मुलांना डोळ्यांनी फरक दिसेल. गाडीच्या बॅटरीवर मात्र मुलांना प्रयोग करू देऊ नका.

ते का, तेही सांगतो. तिच्या दोन टोकांमध्ये पाना, बांगडी किंवा अंगठी आडवी आली, तर क्षणात धातू लाल होतो आणि कातडी भाजते. म्हणून काम करताना हातातले काढून ठेवावे. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो. हवेत तो शेकडा चार भाग झाला तरी ठिणगीने पेटतो. तेव्हा काडी ओढून पाणी किती आहे ते पाहणे, तोंडात विडी ठेवून झाकण उघडणे, हे अगदी वर्ज्य. तार सोडताना आधी ऋण टोक सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. हल्लीच्या गाड्यांत ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. ते आधी सुटले, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून गाडी सुरू करायची झाली, तर धनाला धन जोडा. मग चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाची तार बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर, सर्वांत शेवटी लावा. आणखी एक जुनी खोड आहे. चार्जिंग पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची तार काढतात. आल्टरनेटरच्या गाडीत असे करू नका. दाब एकाएकी उसळतो आणि आतले महागडे भाग जळतात.

निगा म्हणाल, तर ती फार नाही. झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर दर महिन्याला, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, पाणी पाहावे. प्लेटा पूर्ण बुडालेल्या असाव्यात. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीचे, बोअरचे नको; त्यातले क्षार प्लेटांना बाधतात. आणि वरून अॅसिड कधी घालू नका. बॅटरीतून उडते ते पाणी, अॅसिड आतच राहते. बॅटरी मंद झाली म्हणून अॅसिड घालणे म्हणजे भाजी आटली म्हणून वर मीठ घालण्यासारखे आहे! टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली, तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासावी. झाकणे मात्र घट्ट लावलेली हवीत. मग कोरडे करून, पकड आवळून वर व्हॅसलिन लावावे. बॅटरी जागेवर घट्ट बांधलेली असावी, कारण हादऱ्यांनी प्लेटा झडतात. झाकण न उघडणाऱ्या बॅटऱ्यांना पाणी लागत नाही, पण त्यांचेही सांधे गंजतातच.

फ्यूज पुन्हा पुन्हा जळत असेल, तर त्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. फ्यूज हा राखणदार आहे. तो का भुंकतो ते पाहायचे, त्याचे तोंड बांधायचे नाही. बहुधा कोठे तरी तारेचे आवरण घासून लोखंडाला लागलेले असते. अशा तारेने उभी गाडी पेटते.

अॅसिड अंगावर उडाले, तर भरपूर पाणी ओतावे. डोळ्यात गेले, तर पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

शेवटची गोष्ट जुन्या बॅटरीची. ती फोडून शिसे घरी वितळवू नका, अॅसिड नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. ती इजा पुढे भरून निघत नाही. केंद्र सरकारच्या 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या आणि तिचे पैसे वजा करून घ्या. मात्र देण्यापूर्वी ती खरोखरच गेली आहे ना, एवढे मोजून पाहा. आमच्या भावाने न मोजता दिली.

त्या रात्रीनंतर आमच्या जीपच्या दारात एक छोटा मीटर टांगलेला असतो. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला भाऊ आकडे घेतो आणि पंचांगाच्या कोऱ्या जागेत लिहून ठेवतो. ज्या पोराला साप चावला होता, तो आता शाळेतून आल्यावर कधी कधी ते आकडे वाचून दाखवतो. तुमच्या गावातही एखाद्या रात्री कोणाला तरी तुमची गाडी लागणार आहे. तेव्हा उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी एकदा बॅटरीचे झाकण बाजूला करा आणि ती दोन टोके पाहा.